फेरेट सोडल्यावर ससे जाळ्यातून सुटतात कसे: पर्स नेट आणि लाँग नेट निवडणं, लावणं

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडात लिंकनशरमध्ये येऊन दोन वर्षं झाली, शेजारच्या शेतकऱ्याने हेजमधले, म्हणजे शेताच्या कडेच्या झुडपांच्या कुंपणातले, ससे काढायला लेखी परवानगी दिलीय, दोन फेरेट (मुंगसासारखा पाळीव प्राणी, बिळात सोडला की ससे बाहेर पळतात) आणल्यात, दहा पर्स नेटचं एक पाकीट मागवलं आणि पहिल्याच दिवशी अकरा ससे बाहेर आले पण जाळ्यात राहिले फक्त तीन. तर आता महागडी जाळी घ्यावी का, किती घ्यावी आणि चुकतंय कुठे, असं विचारलंय.

मी मूळचा मालवणचा, सफोकमध्ये २१ वर्षं झाली, त्यातले १७ हिवाळे फेरेटिंग करतोय. शेजारच्या एका म्हाताऱ्या गेमकीपरने, म्हणजे शिकारीच्या रानाच्या राखणदाराने, मला शिकवलं, बोलायचा फार कमी पण मी जाळं लावलं की येऊन ते काढायचा आणि परत लावायला सांगायचा, एकदा एकाच बिळावर सहा वेळा लावायला लावलं होतं. त्या सहा वेळांत जे कळलं तेच तुम्हाला सांगतो, कारण अकरातले आठ सुटले याचा अर्थ तुमच्या फेरेट चांगल्या आहेत, त्यांनी त्यांचं काम केलंय. चूक जाळ्यात आहे आणि जाळ्याच्या किमतीपेक्षा ते लावण्यात जास्त आहे असं मला खात्रीने वाटतं.

आधी पर्स नेट चालतं कसं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. आपल्या आजीचा पान-सुपारीचा बटवा आठवा. नाडी ओढली की तोंड बंद. पर्स नेट म्हणजे तोच बटवा, फक्त उघडा करून बिळाच्या तोंडावर पसरलेला. दोन टोकांना दोन कड्या, कडेच्या सगळ्या आसांमधून (आस म्हणजे जाळ्याचं एक भोक) नाडी ओवलेली, ती वरच्या कडीतून बाहेर येते आणि खुंटीला बांधलेली असते. ससा आतून जोरात येतो, जाळ्याच्या मधोमध आदळतो, जाळं त्याच्याबरोबर पुढे जातं पण खुंटी जागेवर असते, त्यामुळे नाडी ताणली जाते, कड्या जवळ येतात आणि ससा आत बंद. कोकणातले वाचत असतील त्यांना मासेमारीचं पर्ससीन जाळं माहितीच आहे, खालची दोरी ओढून तळ बंद करायचा, तत्त्व एकच. म्हणजे तीन गोष्टी झाल्याच पाहिजेत. ससा मध्यावर आदळला पाहिजे, नाडी कुठेही न अडकता सरकली पाहिजे आणि खुंटी हलता कामा नये. तुमचे आठ ससे या तीनपैकी एका कारणाने गेलेत, किंवा मग चौथं कारण, ते ज्या भोकातून गेले तिथे जाळंच नव्हतं.

आता निवड. आस दोन इंचाचा घ्या, यात प्रयोग करू नका. त्याहून मोठा असेल तर अर्धवट वाढलेले ससे डोकं घालून आरपार जातात, लहान असेल तर फेरेटला बाहेर यायला अडचण होते, जिल म्हणजे मादी दोन इंचाच्या आसातून आरामात निघते आणि जाळं जागेवर राहतं. हॉब म्हणजे नर अंगाने मोठा असतो, तो जाळं ओढून बाहेर येतो, म्हणून पर्स नेटच्या कामाला मी जिलच वापरतो, तुम्ही त्याच घेतल्यात ते बरं केलंत.

लांबी कडीपासून कडीपर्यंत ताणून मोजतात. बाजारात तीन फुटी, साडेतीन फुटी, चार फुटी मिळतात. लक्षात ठेवा की पसरल्यावर लांबी बरीच घटते, तीन फुटी जाळं उघडलं की मोठ्या तोंडाच्या बिळाला कडेने फटी राहतात. मी सरसकट चार फुटी वापरतो, रुंदीला १८ किंवा २० आस. स्वस्त पाकिटातली जाळी बहुतेक वेळा तीन फुटी आणि १६ आसांची असतात, तुमचीही तशीच असावीत. ती फेकू नका, हेजमधल्या छोट्या गोल भोकांना ती छान बसतात, पण जिथे ससे उकरून उकरून तोंड भलंमोठं करून ठेवतात तिथे चार फुटीच पाहिजे.

सूत कुठलं यावर लोक तासन् तास वाद घालतात. ताग-हेंपची जाळी हाताला मऊ, जमिनीवर टाकली की ओल्या फडक्यासारखी पडून राहतात, वाऱ्याने उडत नाहीत, गुंतत कमी, मला मनापासून आवडतात. पण ओली ठेवली की कुजतात, दर वेळी घरी आणून वाळवावी लागतात आणि महाग. नायलॉन कुजत नाही, स्वस्त, वर्षानुवर्षं टिकतं. नायलॉनमध्ये स्पन नायलॉन घ्या, दुकानात ४झेड म्हणून लिहिलेलं असतं, ते थोडं लवदार असतं, त्याची गाठ घसरत नाही. त्याहून जाड ६झेड, १०झेड पण मिळतं, जास्त टिकाऊ पण जाड सूत नवीन असताना ताठ बसतं. मासेमारीच्या तंगूससारखं पारदर्शक एकेरी सूत असेल तर नको, हात कापतो, सशाच्या अंगात रुततं आणि सोडवताना नाकी नऊ येतात. नवशिक्याला मी ४झेडच सांगेन.

रंगाची काळजी करू नका. ससा अंधारातून पूर्ण वेगात येतो, मागे फेरेट असते, तो रंग बघायला थांबत नाही. उलट मी अर्धी जाळी मुद्दाम भगव्या आणि पिवळ्या रंगाची ठेवलीत, का ते पुढे सांगतो.

विकत घेताना दुकानात किंवा घरी पार्सल उघडल्यावर एक परीक्षा करा. खुंटी एका हातात धरा, जाळं लोंबू द्या आणि खालची कडी दुसऱ्या हाताने सावकाश ओढा. नाडी सरसर सरकली पाहिजे. मध्ये कुठे अडखळली तर तिथे आसात गाठ आलीय किंवा नाडीच खरखरीत आहे. स्वस्त जाळ्यांमध्ये नेमकी नाडीच वाईट असते, जाळं बरं असतं. नाडी बदला, गुळगुळीत विणलेली नायलॉनची दोरी घाला, पंधरा मिनिटांचं काम आहे आणि तुमची दहाच्या दहा जाळी सुधारतील. कड्यांचा सांधाही बोटाने चाचपून बघा, सांध्याला टोक राहिलं असेल तर नाडी तिथेच अडकते.

खुंटी. माझ्याकडे हेझलच्या लाकडाच्या आहेत, हिवाळ्यात कापायच्या, साल तशीच ठेवायची, सात-आठ इंच. सफोकमधल्या चिकणमातीत एवढी पुरते. पण इथून जवळच ब्रेकलँड आहे, थेटफर्डच्या आसपास, तिथे नुसती वाळू. मध्ययुगात त्या वाळूवर माणसं ससे पाळायची, मांस आणि कातड्यासाठी, थेटफर्डला वॉरन लॉज नावाची दगडी इमारत अजून उभी आहे, साधारण १४०० सालच्या सुमाराची, मठाच्या प्रायरने म्हणजे प्रमुखाने बांधलेली, तिथला वॉरनर म्हणजे सशांचा राखणदार तिच्यात राहायचा आणि चोरांपासून सशांची वस्ती सांभाळायचा. तुम्ही गाडी काढून एकदा नक्की बघून या. तर त्या वाळूत सात इंची खुंटी म्हणजे लोण्यात काडी, पहिला दमदार ससा खुंटीसकट जाळं घेऊन जातो. तिथे बारा इंची लागते आणि तिरकी ठोकावी लागते, बिळापासून लांब कललेली, तंबूची मेख ठोकतात तशी. तुमच्या हेजची माती कशी आहे ते आधी बघा. गोठलेल्या जमिनीत लाकडी खुंटी जात नाही, तेव्हा लोखंडी बरी.

आता लावणं, आणि इथे मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

हेजपाशी पोचायच्या आधीच गाडी लांब उभी करा, दार आपटू नका. ससे पायाखालची थरथर ओळखतात, एकाने मागचे पाय आपटून इशारा दिला की आतले सगळे सावध होतात आणि मग बाहेर यायच्याऐवजी आतल्या आंधळ्या बोगद्यात पाठ करून बसतात, फेरेट नुसती पाठ ओरबाडत राहते. दोघं असाल तर बोलू नका, हाताने खुणा करा. वाऱ्याचा अंदाज घ्या आणि तुमचा वास आत जाणार नाही अशा बाजूने सुरुवात करा. मी साधारण सकाळी नऊनंतर जातो, तोवर ससे चरून आत गेलेले असतात. थंड, कोरडा, शांत दिवस सगळ्यात चांगला, सोसाट्याच्या वाऱ्यात आणि पावसात ससे बाहेर निघायला कांकू करतात असा माझा अनुभव आहे.

पहिलं काम जाळी लावणं नाही, भोकं शोधणं. पूर्ण हेज दोन्ही बाजूंनी चाला. मोठी तोंडं सगळ्यांना दिसतात, समोर मातीचा ढीग असतो, लेंड्या असतात. पण ससे आतून वरच्या दिशेने उकरून एक छोटं भोक काढून ठेवतात, त्याच्यासमोर माती नसते, गवतात झाकलेलं, कधी मुख्य बिळापासून चार-पाच मीटर लांब, आणि पळायला तेच वापरतात. तुमच्या आठपैकी निदान तीन-चार तरी अशा भोकातून गेले असणार. काठीने गवत हळूच बाजूला करत बघा. तोंडावर कोळ्याचं जाळं शाबूत असेल तर त्यातून कोणी जात-येत नाही, तरी त्यावरही नेट लावा, पळताना ससा तेही वापरतो. दहा जाळी म्हणूनच पुरणार नाहीत. एका साध्या हेजला २५ ते ३० लागतात, मी ६० घेऊन निघतो.

आता एक जाळं. बिळाच्या तोंडावरची वाळलेली पानं, काटक्या, ब्रँबलचे काटेरी वेल हाताने काढा, तोडताना आवाज नको. छोटी कात्री ठेवा, फांदी ओढून मोडू नका. खालची कडी बिळाच्या खालच्या ओठावर, किंचित आत, जमिनीला टेकून ठेवा. मग जाळं वर ओढत तोंडावर आणा आणि वरची कडी तोंडाच्या वर. खुंटी वरच्या बाजूला, मुठीने दाबून पूर्ण आत. नाडी खुंटीपासून कडीपर्यंत फार ढिली नको, वीतभर ढील राहिली तर जाळं बंद व्हायच्या आत ससा तेवढा पुढे जातो आणि बाजूने निसटतो. मग दोन्ही कडा बाजूला पसरा. नवशिके इथे चुकतात, ते जाळं ताणून बसवतात, पतंगाचा कागद चिकटवल्यासारखं. ताणलेल्या जाळ्यावर ससा आपटून मागे उसळतो आणि परत आत जातो, मग दिवसभर तो बाहेर येत नाही. मध्यावर थोडी झोळ हवी, ससा त्या झोळीत शिरला पाहिजे. आणि नाडी कडेला मोकळी जमिनीवर पडलेली हवी, मुळाखाली नाही, दगडाखाली नाही, काट्यात नाही. लावून झालं की नाडीवरून एकदा नुसतं बोट फिरवा, कुठे अडकतंय का बघा. मला गेमकीपर सहा वेळा काढून परत लावायला लावत होता तो याच्यासाठी, प्रत्येक वेळी कुठेतरी एक काटकी माझ्या नाडीखाली होती.

उतारावर भोक असेल तर ससा सरळ न येता उताराच्या दिशेने उडी मारतो, तिथे जाळं खालच्या बाजूला थोडं जास्त पसरवा. सपाट शेतात भोक आभाळाकडे उघडं असेल तर चारी बाजू सारख्या झाकल्या पाहिजेत, तिथे चार फुटीशिवाय दुसरं काही वापरू नका.

सगळ्यात कडेची आणि लपलेली भोकं आधी, मधली मोठी शेवटी, कारण तुम्ही डोक्यावर उभे राहिलात की आतले कडेने निघायला बघतात. सगळी लागली की पाच मिनिटं गप्प उभे राहा. मग फेरेटला लोकेटरची कॉलर, म्हणजे ती बिळात कुठे आहे ते कळवणारा पट्टा, घाला, बॅटरी तपासा, आणि सोडा. कॉलरशिवाय सोडू नका. जिलने आत ससा मारला तर ती तिथेच पडून राहते आणि मग नेमकी जागा कळल्याशिवाय खणायचं कुठे? उपाशीही सोडू नका, भुकेली फेरेट आत खात बसते, सकाळी थोडं खायला द्या. तोंडाला जाळी-बिळी बांधून तर अजिबात सोडू नका, आत मोठा उंदीर भेटला तर ती स्वतःला वाचवू शकत नाही.

ससा जाळ्यात आला की आधी पायाने किंवा हाताने भोक बंद करा, कारण मागून दुसरा येतो. ससा जाळ्यासकट उचला, बाजूला घ्या आणि लगेच मान सरकवून मारा. हे कोणाकडून तरी प्रत्यक्ष शिकून घ्या, वाचून येत नाही, आणि ते नीट येईपर्यंत एकट्याने जाऊ नका. पकडलेल्या सशाला विनाकारण त्रास होऊ देणं इथे २००६ च्या ॲनिमल वेल्फेअर कायद्यात गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी जीव आपल्या हातात आलाय तर तो तळमळत ठेवायचा नाही एवढं आपल्याला कळलं पाहिजे. भोकावर लगेच खिशातलं दुसरं जाळं लावा, पहिलं सोडवत बसू नका. फेरेट बाहेर डोकावून परत गेली असेल तर ते जाळंही तपासा, तिने सरकवलेलं असतं.

रंगाचं सांगतो म्हटलं होतं. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी संध्याकाळी अंधार पडताना घाईत जाळी गोळा केली आणि एक हिरवं जाळं राहून गेलं. तीन दिवसांनी परत गेलो तेव्हा त्यात ससा मेलेला होता, कधी अडकला, किती वेळ जिवंत होता माहीत नाही. मला त्या रात्री जेवण गेलं नाही. तेव्हापासून मी मोजून नेतो, मोजून लावतो, मोजून आणतो, आकडा हातावर पेनाने लिहितो आणि एक जरी कमी भरलं तरी टॉर्च घेऊन मिळेपर्यंत शोधतो. भगवी-पिवळी जाळी त्यासाठी आहेत. तुम्हीही दहा-दहाच्या जुड्या बांधा, मोजणं सोपं जातं.

लाँग नेटबद्दल तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या फोटोत हेजचा अर्धा भाग काटेरी ब्लॅकथॉर्न आणि ब्रँबलचा दिसतोय, तिथे आत शिरून पर्स नेट लावणं अशक्य आहे. तिथे लाँग नेट. आपल्या रापणीसारखा, किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यासारखा, विचार करा, अख्ख्या झुडपाला वळसा. २५, ५०, १०० यार्डात मिळतं, वर एक दोरी, खाली एक दोरी, मधे जाळं, पण जाळं दोरीपेक्षा बरंच जास्त लांब असतं, १०० यार्ड दोरीवर १५० यार्ड जाळं वगैरे. ही जास्तीची ढील म्हणजेच लाँग नेटचा जीव. खुंट्या चार-पाच पावलांवर, वरची दोरी टोकाला वेढा मारून, खालची बुडाशी. दोऱ्या ताठ, जाळं ढिलं, आणि ढील सगळीकडे सारखी वाटलेली. बॅडमिंटनच्या जाळीसारखं ताणलंत तर ससा आपटून परत जाईल. खालचा घोळ सशाच्या बाजूला जमिनीवर पसरलेला हवा, म्हणजे तो त्यावरून धावत येतो आणि झोळीत गुरफटतो. झुडपापासून तीन-चार मीटर अंतर सोडा, त्याला वेग घेऊ दे. पण लाँग नेट बंद होत नाही, ससा फक्त गुंतलेला असतो आणि सुटूही शकतो, म्हणून जवळ माणूस लागतोच, ५० यार्डाला एक तरी. तुम्ही एकटे असाल तर २५ यार्डाचं घ्या. दहा-बारा यार्डाचा तुकडा मी हेजच्या आरपार आडवा लावतो, म्हणजे हेजमधून आडवे पळणारे तिथे थांबतात, त्याला स्टॉप नेट म्हणतात. पर्स नेट आणि एक स्टॉप नेट एवढ्यावरही तुमचा तीनचा आकडा बराच वाढेल.

दोन गोष्टी जपा. एक, बॅजर, म्हणजे इथला बिळात राहणारा काळा-पांढऱ्या तोंडाचा प्राणी. बिळाचं तोंड उंचीपेक्षा रुंदीला जास्त, आडव्या डीसारखं, समोर टोपलीभर माती आणि त्यात वाळलेलं गवत मिसळलेलं, जाड करडे-पांढरे केस, तर ते सशाचं नाही. कडेला ससे राहत असले तरी तिथे फेरेट सोडू नका, जाळं लावू नका, १९९२ चा बॅजर संरक्षण कायदा कडक आहे आणि फेरेटही जिवंत येईल असं नाही. दुसरं, तुमच्या भावाने गावी असं करता येईल का विचारलंय असं लिहिलंय. नाही. आपल्याकडचा रानातला ससा बिळात राहतच नाही, तो गवतात उघड्यावर बसतो, वेगळा प्राणी आहे तो, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार बंद आहे. इथे उलट आहे, १९५४ च्या पेस्ट्स ॲक्ट म्हणजे उपद्रवी प्राण्यांच्या कायद्याखाली जमीन कसणाऱ्यावरच ससे आटोक्यात ठेवायची जबाबदारी आहे, म्हणून शेतकरी तुम्हाला परवानगी देतो. फेब्रुवारी संपेपर्यंत उरका, त्यानंतर बिळात पिल्लं असतात, फेरेट तिथेच अडकते आणि मलाही ते पटत नाही.

नवीन जाळी मागवायच्या आधी या शनिवारी एक करा. परसात एक बादली आडवी ठेवा, तोंडावर तुमचं जाळं वर सांगितल्याप्रमाणे लावा, खुंटी गवतात दाबा. बादलीचं बूड कापलेलं असेल तर मागून, नाहीतर आत हात घालून, एक फुटबॉल जोरात बाहेर ढकला. चेंडू जाळ्यात बंद होऊन खुंटीपाशी थांबला पाहिजे. दहाही जाळ्यांवर तीन-तीन वेळा करा, जे जाळं बंद होत नाही त्याची नाडी बघा, आणि कुठलं, कुठे अडकलं ते मला कळवा. नाडी बदलायची असेल तर कुठली दोरी घ्यायची तेही मग सांगतो.